आठ नंबरच्या खोलीचा दर

रोज सकाळी मंदिरातून दर्शन घेऊन आलो की चहा व्हायच्या आत मी मोबाईल काढतो आणि माझ्याच लॉजच्या खोल्या आज कितीला आहेत ते बघतो. माझ्याच खोल्या. ज्यांच्या चादरी मी धुवायला टाकतो, ज्यांच्या नळांचे वायसर मी स्वतः खाली बसून बदलतो, त्या खोल्यांचा भाव मला तीन वेबसाइटांना विचारावा लागतो. एक म्हणते बाराशे. दुसरी म्हणते साडेअकराशे. तिसरी आधी अठराशे लिहिते, त्यावर काट मारते आणि खाली लाल अक्षरांत नऊशे नव्वद दाखवते. अठराशेला ती खोली माझ्या बापजन्मात कुणी घेतलेली नाही. जे पैसे कधी कुणी दिलेच नाहीत त्यांतून ही सूट देते आणि शाबासकी स्वतः घेते. वर ते नऊशे नव्वदही सगळे माझ्या हातात पडत नाहीत, तिचा हिस्सा कापूनच येतात.

मग मी शेजाऱ्यांचे दर बघतो. हायवेवरची दोन हॉटेलं आणि कागलच्या बाजूचं एक. एखादा पन्नासनं खाली आला असेल तर मीही पन्नासनं खाली येतो. त्यानंही माझा दर बघितलेलाच असतो, त्यामुळे दुपारपर्यंत तो आणखी तीसनं खाली गेलेला असतो. आम्ही एकमेकांना चांगले ओळखतो. एकमेकांच्या पोरांच्या लग्नात पंगतीला बसलोय. रस्त्यात भेटलो की तब्येत विचारतो, आणि मोबाईलवर एकमेकांच्या पोटावर पाय देतो. मला याची शिसारी येते, आणि तरी दुसऱ्या दिवशी सकाळी मी मोबाईल काढतोच.

लॉज निपाणीत, जुन्या रस्त्यावर. आमची तंबाखूची वखार होती. तो धंदा बसत चालला तशी वडिलांनी वखार पाडली आणि लॉज बांधला. वर सात खोल्या, खाली एक. काउंटरवर वडिलांनी कन्नडमध्ये दरांची पाटी लावली होती, पण त्या पाटीकडे ते स्वतःही बघत नसत. माणूस आला की आधी विचारायचे, कुठलं गाव, कुणाकडं आलाय, काय कामानं आलाय. पेशंट घेऊन आलेल्याला एक दर, लग्नाला आलेल्याला एक, औषध कंपनीच्या माणसाला एक, कारण त्याला कंपनी देते. बोलून झाल्यावर दर ठरायचा. घासाघीस झाली तरी शेवटी दोघं चहा प्यायचे. वडील गेल्यावर मीही तसंच चालवलं.

मग हायवेवर चकचकीत हॉटेलं झाली आणि जुन्या रस्त्यावर वाहन वळेनासं झालं. तेव्हा माझा मेहुणा मदतीला धावला. बेळगावात टिळकवाडीत राहतो, एका मोठ्या ऑफिसात कॉम्प्युटरवर बसतो. आमच्या आईच्या स्वयंपाकात कांदा चालत नाही, ती सगळी उणीव हा नाकानं कांदे सोलून भरून काढतो. दोन रविवार येऊन बसला, खोल्यांचे फोटो काढले, तीन साइटांवर लॉज चढवला आणि म्हणाला, दाजी, आता तुम्ही फक्त बसा. तीन वर्षं झाली, मी बसलेलोच आहे.

गिऱ्हाईक येतं हे खरं. खोटं कशाला बोलू. पण कसं येतं ते सांगतो. माणूस काउंटरपुढं येतो, माझ्या पंख्याखाली उभा राहतो, मला दर विचारतो, मी सांगतो. तो हं म्हणतो, माझ्याच वायफायचा पासवर्ड घेतो आणि माझ्यासमोर मोबाईलवर तीन साइटा उघडून माझीच खोली शोधायला लागतो. मी तिथंच उभा. सत्तर रुपये वाचले की त्याच्या तोंडावर असं हसू येतं की याला जग जिंकल्यासारखं वाटतंय. अहो, मला विचारलं असतंत तर शंभर कमी केले असते. पण मला विचारण्यात त्याला कमीपणा वाटतो आणि मोबाईलमध्ये शोधण्यात हुशारी वाटते.

आणि काउंटरवर मी शंभर कमी केलेले त्या साइटांना चालत नाहीत. गेल्या वर्षी चिकोडीकडचा एकजण बायकोच्या बाळंतपणासाठी आला होता, बाळ काचेच्या पेटीत ठेवलं होतं. त्याला मी खोली सहाशेला दिली. वडील असते तर चारशेला दिली असती. तो भला माणूस, त्यानं उपकार फेडायचे म्हणून साइटवर जाऊन पाच चांदण्या दिल्या आणि खाली लिहिलं, मालक देवमाणूस, काउंटरवर सहाशेला मिळते, इथनं घेऊ नका. चौथ्या दिवशी दिल्लीकडचा फोन. गोड आवाजात हिंदीत मला समजावलं गेलं की सगळीकडे एकच दर ठेवायचा असतो, नाहीतर तुमचं नाव यादीत खाली जाईल. आणि गेलंही. पाचव्या नंबरवरून थेट दुसऱ्या पानावर. माझ्या लॉजमध्ये कुणाला किती सवलत द्यायची हे दिल्लीत ठरतं, हे वडिलांना कळलं असतं तर त्यांनी मला काठीनं हाणलं असतं.

हे सगळं मी गिळत होतो. पण आठ नंबरच्या खोलीचं जे झालं ते गिळवत नाही, आणि त्यात शिव्या द्यायला सगळ्यात जवळचा माणूस मीच आहे.

आठ नंबर म्हणजे खालची खोली. काउंटरच्या मागं, परसात उघडणारी. तिथं दगडी ओटा आहे, चूल आहे, आणि दारापासून चार पावलांवर आड आहे. वडिलांनी ती खोली कधी भाड्यानं दिली नाही. ती आईच्या चौक्याची खोली. आमचे दिगंबर जैन मुनी, ज्यांना आम्ही महाराज म्हणतो, ते गावोगाव चालतच जातात. कधी येतील याचा नेम नाही, मागच्या मुक्कामाहून एक-दोन दिवस आधी कुणी फोन करेल तेवढाच सुगावा. दिवसातून एकदा, सकाळी, उभ्यानं, ओंजळीत आहार घेतात. त्यांच्यासाठी आडाचं पाणी गाळून, धान्य निवडून, धुतल्या वस्त्रानं केलेला स्वयंपाक लागतो. त्यालाच चौका लावणं म्हणतात. चौका लावला की घरचे लोक कलश आणि नारळ घेऊन दारात उभे राहतात आणि महाराजांना बोलावतात. महाराजांनी मनात काहीतरी ठरवलेलं असतं, ते कुणाला सांगत नाहीत. ते जिथं जुळेल तिथं थांबतात. कुठंच जुळलं नाही तर तसेच परत जातात आणि त्या दिवशी पाणीसुद्धा घेत नाहीत.

वडील होते तेव्हा त्या खोलीत आईनं सात-आठ वेळा आहार दिला असेल. नंतर बरीच वर्षं योग आला नाही. एकदा आला तर घरात सुतक होतं. आई आता अठ्ठ्याहत्तरची आहे. दोन्ही गुडघे गेलेत, बेळगावच्या डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं तर तिनं चपला घातल्या आणि बाहेर येऊन बसली. आम्ही राहतो दोन गल्ल्या पलीकडे, दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये. तिथं ना आड, ना महाराजांची वाट. पण दर पंधरवड्याला आई रिक्षानं लॉजवर येऊन ती खोली स्वतः उघडून झाडून घ्यायची. भिंतीला धरून वीसेक मिनिटं तिला उभं राहता येतं. आहाराला तेवढं पुरतं. ती म्हणायची, "एकदा आणि उभारते रं. मग न्हाई व्हायचं माझ्यानं." बाकी तिनं माझ्याकडे आयुष्यात काही मागितलं असेल तर मला आठवत नाही.

आणि मी काय केलं? गेल्या दिवाळीनंतर मेहुण्याच्या लक्षात आलं की हायवेवरचं हॉटेल आमच्या वर दिसतं, कारण त्यांच्याकडे तळमजल्यावर खोल्या आहेत. वयस्कर माणसं बरोबर असली की लोक तळमजला अशी खूण करूनच शोधतात. तो म्हणाला, "दाजी, खालची खोली मोकळीच पडलीया की. टाका साइटवर. महाराज आले की एक बटण दाबायचं, बंद."

मला पटलं. वर्षाकाठी एखादा दिवस लागणारी खोली, तीही लागली तर. किल्ली आईच्या कमरेला असायची. मी तिला सांगितलं की ओट्याखाली वाळवी लागल्यासारखी वाटतीय, औषध मारून घेतो. तिनं एका शब्दानं विचारलं नाही, किल्ली काढून दिली. वरचा एक पलंग आणून टाकला, चुलीवर मी एक टेबल सरकवलं, त्यावर प्लास्टिकच्या फुलांची कुंडी ठेवली आणि मेहुण्यानं फोटो काढला. किल्ली काउंटरमागच्या फळीवर बाकीच्या सात किल्ल्यांशेजारी लटकली. पन्नाशी उलटलेला माणूस मी, आईशी वाळवीचं खोटं बोललो, आणि कशासाठी, तर यादीत दोन जागा वर जायला.

दोन महिने काही बिघडलं नाही. दोन-चार वेळा खोली गेली, शांत म्हातारी माणसं आली आणि गेली. प्रत्येक वेळी मी ती धुऊन घेतली. आई झाडायला यायच्या दिवशी मी साइटांवर खोली बंद ठेवायचो, पलंग-टेबल हलवायचो. चोर कसा सराईत होतो ते मला त्या दिवसांत कळलं.

मग फोन आला. दोन महाराज संकेश्वरला आलेत, परवा सकाळी निपाणीत आहार होईल. आईला सांगितलं तेव्हा ती भिंत न धरता उठली. बायकोला म्हणाली गहू काढ, मूग काढ, सूप काढ. मला म्हणाली, बेळगावात शहापुरातनं पांढरं सुती कापड आण, आडाचं पाणी गाळायला आणि आम्हाला नेसायला, नवं पाहिजे. गुडघ्याचं नावसुद्धा तिच्या तोंडात नव्हतं.

मी मोबाईल काढला आणि दोन साइटांवर आठ नंबर बंद केली. बटण दाबलं, झाली. तिसरीवर बोट थांबलं. ती तिसरी म्हणजे नऊशे नव्वदवाली, तिथनंच सगळ्यात जास्त गिऱ्हाईक येतं. तिथं एखादी खोली बंद केली की नाव घसरतं, हे मी तीन वर्षं रोज बघितलेलं. त्याच आठवड्यात आम्ही महत्प्रयासानं तिसऱ्या नंबरवर आलो होतो. मी विचार केला, बंद कशाला करायची, दर असा चढवू की कोणी घेणारच नाही. तीन हजार सहाशे लिहिले. निपाणीत जुन्या रस्त्यावरच्या लॉजला छत्तीसशे कोण देतंय? स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन मी चहा मागवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बसनं बेळगावला गेलो. शहापुरात माझ्या वडिलांच्या वेळेपासून ओळखीचं एक दुकान आहे, तिथं बसून चांगलं घट्ट विणीचं कापड निवडलं. मग टिळकवाडीत मेहुण्याकडे जेवलो. तो म्हणाला दर चढवलात ते झकास केलंत. मोबाईल कापडाच्या पिशवीत खाली गेला होता. लॉजवर काउंटरला वडिलांच्या वेळेपासूनचे एक अण्णा आहेत, त्यांनी मला चार वेळा फोन केला होता. मी तो निपाणीच्या स्टँडवर उतरल्यावर बघितला.

लॉजवर पोचलो तेव्हा चार वाजले होते. दारातच वास आला. मासळीचा. आमच्या लॉजमध्ये मांस-मच्छी आणायची नाही हे पाटीवर आहे, तिन्ही साइटांवर आहे, नियम म्हणून सगळ्यात वर आहे, आणि ते आजवर एकाही माणसानं वाचलेलं नाही. मी वासाच्या मागं गेलो. आठ नंबरचं दार उघडं होतं. प्लास्टिकची कुंडी खाली जमिनीवर, टेबल बाजूला सरकवलेलं, आणि आईच्या दगडी ओट्यावर पार्सलचे डबे उघडून ठेवलेले. अर्ध्या चड्डीतला एक माणूस बोटं चाटत बाहेर आला.

अण्णा माझ्यामागं उभे राहून सांगत होते की यंत्रात बुकिंग आलं, पैसे भरलेले दिसले, किल्ली फळीवर होती, मी दिली. त्यांची काय चूक? मी किल्ली तिथं टांगली होती. मी त्यांना कधी सांगितलंही नव्हतं की दर चढवलाय तो कशासाठी.

तो माणूस पुण्याचा, बायको आणि आईला घेऊन गोव्याहून परत निघाला होता. मी त्याला विचारलं, छत्तीसशेला खोली घेतलीत? तो हसला आणि मोबाईल माझ्यापुढे धरला. छत्तीसशेवर काट. खाली लाल अक्षरांत आठशे नव्वद. शेजारी एक विजेची खूण आणि शब्द, आजची सर्वांत मोठी सूट, शेवटची एकच खोली. मी मेहुण्याला फोन लावला. त्यानं जरा शोधलं आणि मग त्याचा आवाज बारीक झाला. पहिल्या वर्षीच त्यानं एका चौकटीत खूण केली होती, म्हणजे आम्ही दर कितीही ठेवला तरी शेजाऱ्यांपेक्षा खालचा दर साइटनं आपणहून दाखवायचा. माझा दर छत्तीसशे, शेजाऱ्यांचा नऊशेच्या घरात. यंत्रानं तुलना केली आणि आईची खोली आठशे नव्वदला काढली. मी माणसं पळवून लावायला दर चढवला होता, त्यानं माणूस धावत आला.

मी त्या पुणेकराला म्हटलं, वरची चांगली खोली देतो, पैसे परत देतो, रात्रीचं काही नको, फक्त ही मोकळी करा. तो म्हणाला, "काका, रात्री तीन साइटा ताडून बघितल्या. छत्तीसशेची खोली आठशे नव्वदला मिळालीय, ती मी का सोडू?" मग मी आवाज चढवला. नियम दाखवले. त्यानं मला त्याचं बुकिंग दाखवलं. मी म्हटलं मासळी खाल्लीत, तो म्हणाला दारात कुणी अडवलं नाही. मी म्हटलं तुम्हाला लाज वाटत नाही का. तो म्हणाला तक्रार करीन. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली होती आणि खरं सांगायचं तर तो माणूस एका शब्दानंही चुकीचं बोलत नव्हता.

तेवढ्यात रिक्षा थांबली आणि आई उतरली. बायकोचा हात धरून, दुसऱ्या हातात निवडलेल्या मुगाचा डबा. ती संध्याकाळच्या आत ओटा धुवायला आली होती. तिला दारातच वास आला असणार, तिची पावलं थांबली ती मला दिसली. मग ती तशीच पुढं आली आणि खोलीच्या उंबऱ्याशी उभी राहून आत बघितलं. ओटा बघितला. डबे बघितले. पलंगावर त्या पुणेकराची आई पाय लांब करून बसली होती, दोन्ही गुडघ्यांना पट्टे बांधलेले. ती सगळं ऐकून घाबरली होती. ती माझ्या आईला म्हणाली, "आमच्यामुळे काही झालं का हो? आम्ही जातो पाहिजे तर वरती."

आईनं मला विचारलं नाही की ही माणसं इथं कशी. ती वाळवीवरून काही बोलली असती तर मला बरं वाटलं असतं. ती एवढंच म्हणाली, "वर किती पायऱ्या हाईत म्हायती हाय न्हवं? तिला वर चढवू नगंस." आणि त्या बाईला म्हणाली की तुम्ही बसा, काही झालेलं नाही.

बाहेर काउंटरच्या बाकावर तिला बसवलं. मी तिच्यापुढं उभा राहून भराभर बोलत होतो. सकाळी सहाला त्यांना वर हलवतो, नाहीतर गाडीतच बसवतो. ओटा धुऊन घेऊ, दोनदा धुऊ, आडाचं पाणी हाय, चूल नवी मांडू. बायको म्हणाली की मंदिराजवळच्या चुलत जावेच्या चौक्यात जाऊ, तिथं अत्तींना, म्हणजे आईला, खुर्ची देतील. आई दोघांचंही ऐकत होती. मग मी म्हणू नये ते म्हणालो. म्हणालो, कुणाला कळतंय?

आमच्यात महाराजांना दारात बोलावताना मोठ्यानं म्हणावं लागतं की मन शुद्ध आहे, वाचा शुद्ध आहे, काया शुद्ध आहे, आहार आणि पाणी शुद्ध आहे. ते ऐकल्याशिवाय महाराज उंबरा ओलांडत नाहीत. ते म्हणायचं काम घरात कायम आईचं.

ती म्हणाली, "मला तोंडानं म्हणाय लागतंय रं ते. त्येंच्या तोंडाकडं बघून. म्हणू व्हय?"

दुसऱ्याच्या चौक्याला ती गेली नाही. तिथं हात लावायला चार सुना आहेत, मी जाऊन त्यांच्या पायात कशाला, म्हणाली. मुगाचा डबा बायकोच्या हातात दिला आणि शहापूरच्या कापडाची घडी बघून कापड चांगलं आहे असं म्हणाली.

सकाळी ती लॉजच्या पायरीवर येऊन बसली होती. कलश नाही, नारळ नाही, नेहमीचं लुगडं. साडेनऊच्या सुमाराला महाराज निघाले. दोघांच्याही उजव्या हाताची बोटं जुळवून खांद्याला टेकलेली, आहाराला निघताना असतात तशी. रस्त्याला दारोदार लोक उभे होते, बोलावत होते. पहिले महाराज पेठेतल्या एका व्यापाऱ्याच्या दारात थांबले. दुसरे वयस्कर होते, ते थांबत नव्हते. सगळी दारं मागं टाकत ते आमच्या लॉजपाशी आले. आई भिंतीला धरून उठली, नमोस्तु म्हणाली, एवढंच म्हणाली आणि वाकली. ते सावकाश झाले. त्यांनी तिच्या हातांकडे बघितलं. हातांत काही नव्हतं. ते पुढं गेले, गल्लीच्या टोकाला वळले, तसेच परत आले आणि मंदिरात गेले. त्या दिवशी त्यांनी आहार घेतला नाही.

त्यांनी मनात काय धरलं होतं ते कुणालाच कळत नाही, कळायचं नसतं. पण माझं डोकं तेव्हापासून एकाच जागी फिरतंय. समजा एकटी म्हातारी बाई असेल. समजा दगडी पायरी असेल. समजा हीच खोली असेल. महाराज पाण्याविना राहिले ते कुणामुळे, हे मला कुठल्याही साइटवर ताडून बघता येत नाही. मेहुण्याचा फोन आला तेव्हा मी त्याला इतका बोललो की बायको दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. दिल्लीच्या त्या गोड आवाजालाही बोललो. त्या बाईनं सर, तुमची गैरसोय झाली असेल तर क्षमस्व, असं हिंदीत सांगून मला विचारलं की आजच्या सेवेला मी किती चांदण्या देईन.

पुणेकर दहाला निघाला. जाताना त्याच्या आईनं माझ्या आईचा हात धरला, त्या दोघी गुडघ्यांबद्दल काहीतरी बोलल्या. आठ नंबर मी त्याच दिवशी तिन्ही साइटांवरून काढून टाकली आणि टेबल स्वतः डोक्यावर घेऊन वर नेलं. कुणी मला शाबास म्हणावं असं त्यात काही नव्हतं.

महाराजांना आहार मिळाला नाही म्हणून आईनंही दिवसभर काही घेतलं नाही. आम्ही सगळे दिवस मावळायच्या आत जेवतो, त्या दिवशी पाच वाजता बायकोनं ताटं वाढली तर आई म्हणाली तुम्ही बसा. मी ताट सारून उठलो. मी तिच्या खाटेपाशी जाऊन जमिनीवर बसलो. मला वाटत होतं ती आता तरी बोलेल, शिव्या देईल, वडिलांचं नाव काढेल. ती कन्नडमध्ये काहीतरी पुटपुटत होती, मग माझ्याकडे वळली.

"कितीला दिलतीस रं ती खोली?"

तीन वर्षं रोज सकाळी दर बघणारा मी. मला सांगता येईना. त्यानं भरले आठशे नव्वद, त्यातले माझ्याकडे किती येणार ते पुढच्या आठवड्यात कळणार होतं, त्याआधी दोन महिने ती कधी अकराशेला गेली, कधी हजारला, कधी कितीला ते यंत्रानंच ठरवलं होतं. मी मोबाईल काढला, उघडला आणि परत खिशात ठेवला. म्हणालो, नक्की माहीत नाही, आई. हजाराच्या आतबाहेर.

आईनं जरा हिशेब केल्यासारखं केलं. तिच्या आवाजात टोमणा नव्हता, राग नव्हता, ती खरोखरच सांगत होती.

"मग मला सांगायचंस की. मी दिलं असतं तेवढं."